मामाचा पास आणि आपली वेटिंग लिस्ट

हॉस्टेलमध्ये माझी ओळख गेली दोन वर्षं एकाच गोष्टीवरून आहे. मी कुठल्या ब्रँचचा, कुठल्या गावचा, किती केट्या लागल्या, हे कुणाला ठाऊक नसतं. पण "तो, ज्याचा मामा विमान कंपनीत आहे" म्हटलं की तिसऱ्या मजल्यापासून मेसपर्यंत सगळे ओळखतात. दिवाळीच्या सुट्टीआधी, गेटच्या परीक्षेआधी, कुणाच्या बहिणीच्या लग्नाआधी रात्री दार वाजतं. "यार, मामाला विचार ना, एक पास जमतोय का. हवं तर पैसे देतो."

या सगळ्यांना दारात उभं राहून एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं, म्हणून हा लेख. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की सांगायचं आहे ते फक्त विमानाबद्दल नाही. ते शेवटी आपल्याच हॉस्टेलच्या दाराशी येऊन थांबतं. तेव्हा मित्रांनो, आणि रेक्टर सर, तुम्हीसुद्धा, शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आधी पास म्हणजे काय ते सांगतो. माझा मामा मुंबई विमानतळावर बॅगा चढवण्या-उतरवण्याच्या विभागात आहे. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावातून तो विसाव्या वर्षी बाहेर पडला. आता पन्नाशीला आला आहे. कंपनीचा कायम कर्मचारी असल्यामुळे त्याला वर्षाकाठी काही प्रवास स्वस्तात मिळतात. काही स्वतःसाठी, मामीसाठी, मुलांसाठी, आणि मोजके इतर नातेवाईक-मित्रांसाठी. मूळ भाडं जवळजवळ माफ असतं. कर आणि विमानतळाचे आकार भरावे लागतात. जगभरच्या विमान कंपन्यांत ही पद्धत आहे. एका कंपनीचे कर्मचारी दुसऱ्या कंपनीच्या विमानानेही अशा सवलतीत जातात. नव्वद टक्के सूट, पंचाहत्तर टक्के सूट अशी त्यांची परिभाषाच ठरलेली आहे.

आता यातली गोम. या तिकिटावर तुमचं नाव असतं, विमानाचा नंबर असतो, तारीख असते. नसते ती फक्त जागा. पैसे भरलेले सगळे प्रवासी आले, त्यांचं चेक-इन झालं, आणि त्यानंतर खुर्ची उरली तर ती तुमची. नाही उरली तर पुढचं विमान. त्यातही नाही उरली तर त्याच्या पुढचं. याला स्टँडबाय म्हणतात. मामा साध्या भाषेत सांगतो, "पंगत उठल्यावर उरलं तर जेवायचं."

कंपनीला हे परवडतं कसं? आपण इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, तेव्हा हे समजायला अवघड नाही. विमानातली खुर्ची म्हणजे दूध. किंबहुना दुधापेक्षा नाशवंत. दूध नासलं तर निदान पनीर होतं. विमानाचं दार बंद झाल्यावर रिकाम्या खुर्चीचं काहीच होत नाही. ती उद्या विकता येत नाही, गोदामात ठेवता येत नाही. एक माणूस जास्त बसवायला इंधन थोडंसंच जास्त लागतं. म्हणून दार बंद होण्याआधी ती खुर्ची आपल्याच माणसाला दिली तर कंपनीचं फारसं काही जात नाही आणि कर्मचाऱ्याला मात्र मोठी गोष्ट मिळते.

आता माझी फजिती सांगतो.

गेल्या पावसाळ्यात बंगळुरूला एका कंपनीत इंटर्नशिपसाठी इंटरव्ह्यू होता, सोमवारी सकाळी दहा वाजता. महिनाभर आधी कळलं होतं. कल्याणहून उद्यान एक्स्प्रेसचं स्लीपरचं कन्फर्म तिकीट तेव्हाच काढता आलं असतं. पण मी म्हटलं, मामा असताना रेल्वेत चोवीस तास कोण बसणार? मामाने फोनवर विचारलं होतं, "काम तारखेचं आहे का?" मी म्हटलं, "रविवारी सकाळीच निघतो ना मामा, दिवसभरात कितीतरी विमानं आहेत." तो म्हणाला, "बघ बाबा."

मी वहीत हिशोबही केला होता. समजा एका विमानात जागा मिळण्याची शक्यता निम्मी. तीन विमानं धरली तर तिन्ही हुकण्याची शक्यता एक अष्टमांश. म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के आपण बंगळुरूत. एम-फोरमध्ये प्रॉबॅबिलिटीत चांगले मार्क पडल्याचा माज होता.

रविवारी पहाटेच्या लोकलने आसनगावहून निघालो. घाटकोपरला उतरून मेट्रो, मरोळ नाक्याला दुसरी मेट्रो, विमानतळ. पहिल्या विमानाला माझ्या वर तीन नावं होती आणि जागा उरल्या दोन. दुसऱ्या विमानाला वाटलं आता आपला नंबर. पण पहिल्यातून राहिलेले होतेच, शिवाय ज्यांची नोकरी मामापेक्षा जुनी अशा दोघांचे घरचे आले. ते नियमाने माझ्या वर गेले. तिसऱ्या विमानाच्या वेळी पाऊस असा कोसळला की मधलं एक उड्डाणच रद्द झालं आणि त्यातले पैसे भरलेले सगळे प्रवासी तिसऱ्यात आले. मी यादीत होतो तिथेच. आजीचा फोन आला, "इमानात खिडकी भेटली का रं?" मी तेव्हा काउंटरसमोरच्या खांबाला टेकून वडापाव खात होतो.

माझा हिशोब कुठे चुकला हे तिथेच उमगलं. मी तिन्ही विमानं एकमेकांपासून स्वतंत्र घटना धरल्या होत्या. त्या स्वतंत्र नसतात. पहिल्या विमानातून उरलेली माणसं दुसऱ्यावर येतात, दुसऱ्यातली तिसऱ्यावर. एक विमान भरलं की पुढचंही भरण्याची शक्यता वाढते. पुस्तकातलं नाणं आधीचा छापा-काटा लक्षात ठेवत नाही. रांग मात्र सगळं लक्षात ठेवते.

रात्री मामाच्या खोलीवर साकीनाक्याला झोपलो. सोमवारी पहाटेच्या विमानात जागा मिळाली, तीही खिडकीची. उतरून कंपनीत पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. तिथल्या बाई नीट बोलल्या. "वी विल कॉल यू," म्हणाल्या. अजून फोन आलेला नाही.

यात दोष कुणाचा? कंपनीचा नाही. तिने मला जागेचं वचन दिलेलंच नव्हतं. आपल्या देशात पैसे भरलेल्या, वेळेवर आलेल्या प्रवाशाला जागा जास्त विकल्यामुळे विमानात घेतलं नाही आणि तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानाची सोय केली नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे भरपाई द्यावी लागते. चोवीस तासांच्या आत दुसरी सोय केली तर दहा हजारांपर्यंत आणि त्याहून उशीर झाला तर वीस हजारांपर्यंत. त्या प्रवाशाशी करार मोडलेला असतो. पासवाल्याशी मोडण्यासारखा करारच नसतो. मामाचाही दोष नाही. त्याने विचारलं होतं. दोष माझा. जे काम तारखेचं आहे ते उरल्यासुरल्यावर सोपवायचं नसतं.

म्हणून दार वाजवणाऱ्या मित्रांसाठी माझं पहिलं मत असं. परीक्षा, इंटरव्ह्यू, लग्न, ॲडमिशन यांसाठी स्टँडबाय पास मिळाला तरी घेऊ नका. ज्याला दोन दिवस उशीर झाला तरी चालतो, जो परत घरी जाऊन हसू शकतो, त्यानेच तो घ्यावा. आणि खिशात परतीच्या रेल्वेचे पैसे ठेवावेत.

दुसरं मत जरा कडक आहे. पासासाठी पैसे देऊ करू नका.

एका सीनियरने मला मूळ पैशांवर चार हजार देऊ केले होते. खरं सांगतो, मी एक रात्र विचार केला. चार हजारांत सेकंड हॅंड सायंटिफिक कॅल्क्युलेटर, सबमिशनच्या झेरॉक्सा आणि दोन महिन्यांचा चहा सुटत होता. दुसऱ्या दिवशी मामाला विचारलं. तो चिडला नाही, हीच पंचाईत झाली. म्हणाला, "अरे, तिकीट त्याच्या नावावर असतं पण पास माझ्या नावावर असतो. तो विमानात कुणाशी भांडला, दारू पिऊन चढला, काउंटरवर आवाज चढवला तर पत्र त्याला येत नाही, मला येतं. आणि विकला हे कळलं तर पास तर जाईलच, नोकरीही जाईल. तीस वर्षं बॅगा उचलल्या त्या तुझ्या चार हजारांसाठी नाही."

पास हा पगाराचा भाग आहे. तो मामाच्या पाठीच्या दुखण्यातून आलेला आहे. आपण तो मागतो तेव्हा त्याच्या पगारातलं मागत असतो, हे लक्षात ठेवून मागावं. आणि मिळाला तर त्याच्या अटी पाळाव्यात. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत डेनव्हरच्या विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सने कर्मचाऱ्यांच्या पासवर आलेल्या दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात घेतलं नाही, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. तिकीट काढून आलेल्या मुलींना तो नियम लागू नव्हता, पासवाल्यांना होता. नियम बरा की वाईट यावर दोन मतं असू शकतात. पण पासवर चढलेला माणूस कंपनीच्या घरचा धरला जातो, हे त्यातून समजतं. मामा मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावतो, तो उगाच नाही.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, ९ एप्रिल २०१७ ला, त्याच कंपनीच्या नावाने उडणाऱ्या शिकागो ते लुईव्हिल विमानात उलटा प्रकार झाला. चार कर्मचाऱ्यांना ड्यूटीवर पोचवायचं होतं. म्हणून खुर्चीत बसलेल्या, पैसे भरलेल्या एका प्रवाशाला सुरक्षारक्षकांनी ओढत बाहेर काढलं. तो व्हिडिओ जगाने पाहिला. त्यातून मला एवढंच कळलं, की रिकामी खुर्ची कुणाला द्यायची याचा क्रम आधी ठरलेला, सगळ्यांना माहीत असलेला पाहिजे. बसल्यावर उठवायचं म्हणजे भांडण ठरलेलंच.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी कंपन्यांची वकिली करतोय असं वाटेल.

मामा सांगतो, पूर्वी पासवर हमखास जागा मिळायची. कारण विमानं रिकामी उडायची. आता आपल्या देशांतर्गत विमानांत दहापैकी आठाहून जास्त खुर्च्या भरलेल्या असतात. सुट्टीच्या दिवसांत तर विचारूच नका. कागदावर पास तेवढेच राहिले, पण त्यातला रस आटला. आणि काही बिघडलं तर सगळ्यात शेवटी पासवाला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये माणसांचं नियोजन कोलमडून इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हा पैसे भरलेलेच विमानतळावर जमिनीवर झोपले होते. तिथे पासवाल्याची काय कथा.

शिवाय पास कंपनीइतकाच टिकाऊ असतो. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं उड्डाण केलं, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. त्या दिवशी तिथल्या कर्मचाऱ्यांचा पगार तर गेलाच, पासही रद्दी झाला. पगार बँकेत साठवता येतो. पास साठवता येत नाही. म्हणून कुठलीही कंपनी "पगार थोडा कमी आहे पण पास आहेत" असं म्हणाली, तर आपल्यासारख्या नोकरीला लागणाऱ्यांनी तो पास शून्य धरूनच हिशोब करावा.

आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट. मामाच्या बरोबर त्याच पट्ट्यावर, त्याच बॅगा उचलणारी पोरं आता बहुतेक ठेकेदाराची आहेत. काही आपल्या भागातली, शहापूर-मुरबाडकडचीच आहेत. मामाला पास आहे, त्यांना नाही. रोज विमानाच्या पोटात जातात, पण खुर्चीत एकदाही बसलेली नाहीत. मामा म्हणतो, "एकाला सांगितलं, चल, पुढच्या वेळी माझ्या पासवर जा. तो म्हणाला, सुट्टी कोण देणार?"

याच्याशी रेल्वेची तुलना करून बघा. माझ्या रूममेटचे वडील कसाऱ्याला रेल्वेत आहेत. त्यांना पाच वर्षांच्या नोकरीनंतर वर्षाला तीन सेट पास मिळतात, शिवाय एक तृतीयांश भाड्याची चार तिकिटं. पण त्यावर रीतसर आरक्षण होतं. बर्थ मिळाली तर ती त्यांची, वेटिंगला गेली तर इतरांसारखीच वेटिंग. नंबर दिसतो. २०२५ पासून चार्टसुद्धा पूर्वीसारखा चार तास नाही, त्याहून बराच आधी लागतो. म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत खांबाला टेकून उभं राहावं लागत नाही. एसटीचं बघा. आपला विद्यार्थ्यांचा मासिक पास एक तृतीयांश भाड्यात मिळतो. मार्च २०२३ पासून माझी आई अर्ध्या तिकिटात मुरबाडला बाजाराला जाते. आजी पंच्याहत्तरीच्या पुढची, तिला ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. यासाठी मामा लागत नाही. ओळख लागत नाही. कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं की झालं. ही सवलत नियमाची आहे, नात्याची नाही. तिच्यासाठी कुणाचं दार वाजवावं लागत नाही.

मग विमानतळावर त्या रविवारी दिवसभर उभा राहूनही मला राग का आला नाही, याचा मी नंतर विचार केला. कारण यादी होती. माझ्या वर कोण आहे आणि का आहे हे काउंटरवरच्या ताईंनी विचारल्यावर सांगितलं. ज्याची नोकरी जुनी तो वर. नियम मला आवडो न आवडो, पण माहीत होता. कुणी मागच्या दाराने गेलं नाही. हुकली तरी माणूस मान खाली घालून पुढच्या विमानाला थांबतो.

आता आपल्या दाराशी येतो.

आपल्या कॉलेजात मुरबाड बाजूची बरीच मुलं आहेत. मुरबाडला अजून रेल्वे नाही. टोकावड्याकडचा एक मित्र आहे, नाव देत नाही. तो सकाळी साडेचारला उठतो. तिथून सरळगाव, सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूर, मग टमटमने कॉलेज. जोडणीतली एक गाडी चुकली की पहिलं प्रॅक्टिकल गेलं. संध्याकाळी शेवटची गाडी चुकू नये म्हणून तो लॅब अर्धवट सोडून पळतो. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं की दोन-दोन दिवस येत नाही. मागच्या सेमला त्याची हजेरी भरली नाही, टर्मवर्क अडकलं, दोन विषय राहिले. डोकं आपल्या कुणापेक्षा कमी नाही. त्याने जूनमध्ये हॉस्टेलला अर्ज केला होता. उत्तर आलं, "फुल आहे, वेटिंगला ठेवतो." कितव्या नंबरला? ते कुणालाच माहीत नाही. यादी आहे म्हणतात, पण ती कुणी पाहिलेली नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस मी आमच्या मजल्यावर फिरून मोजलं. सोळा खोल्या, प्रत्येकी तीन खाटा, एकूण अठ्ठेचाळीस. सात खाटांवर कुणी झोपत नव्हतं. का? कॅप राउंडच्या पुढच्या फेरीत कुणाला दुसरं कॉलेज मिळालं, तो गेला. कुणी कॅन्सल केलं. कुणी आसनगावला भाड्याची खोली घेतली. कागदावर मात्र नाव तसंच. अठ्ठेचाळीसमध्ये सात म्हणजे जवळजवळ पंधरा टक्के. एवढ्या खुर्च्या रिकाम्या ठेवून एखाद्या कंपनीने रोज विमान उडवलं आणि वर काउंटरवर "फुल आहे" असं सांगितलं, तर आपण तिला काय म्हणू?

खाट ही खुर्चीसारखीच नाशवंत आहे. आजची रात्र रिकामी गेली की ती रात्र परत कुणाला देता येत नाही.

शहापूरच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. भातसा, तानसा इथेच, मुंबई त्यावर पाणी पिते, आणि उन्हाळ्यात आपल्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातो. धरण उशाला, कोरड घशाला. आपण मोर्चात, भाषणांत हे वाक्य म्हणतो. आणि आपल्याच हॉस्टेलात उशाला रिकामी खाट ठेवून झोपतो.

आता कबुली. त्या सातांपैकी एक खाट माझ्या खोलीत होती. तिसरा मुलगा पहिल्याच महिन्यात दुसऱ्या कॉलेजला गेला. आम्ही दोघांनी त्या खाटेवर सुटकेसी ठेवल्या, दोरी बांधून टॉवेल वाळत घातले, ड्रॉइंग बोर्ड पसरले. मजा होती. ऑगस्टमध्ये रेक्टर सर राउंडला आले, खाटेकडे बघून म्हणाले, "हा कुठे आहे?" माझा रूममेट गप्प बसला. मी म्हणालो, "येतोय सर, घरी गेलाय." टोकावड्याचा मित्र त्या दिवशी दुपारी आमच्याच खोलीत जेवणाचा डबा खात बसला होता. त्याने ऐकलं. काही बोलला नाही. डबा धुतला आणि चार वाजता गाडीसाठी निघून गेला.

पुढच्या आठवड्यात मी सरांकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सेम संपलं. विमानतळावर मी यादीत उभा होतो तेव्हा माझ्या वरच्या कुणी सुटकेस ठेवून खुर्ची अडवली असती, तर मी काय केलं असतं?

म्हणून या लेखातून माझ्या तीन सूचना आहेत. स्टाफ कमिटीने विचार करावा.

एक, हॉस्टेलची वेटिंग लिस्ट नोटीस बोर्डावर लावावी. नंबर आणि तो नंबर का, हे दोन्ही लिहावं. घर किती लांब, गाडी किती वेळा बदलावी लागते, कितवं वर्ष, घरची परिस्थिती, जो काही क्रम ठरवाल तो ठरवा. पण तो दिसू द्या.

दोन, प्रवेशाची शेवटची फेरी संपल्यापासून पंधरा दिवसांत जो राहायला आला नाही आणि ज्याने लेखी कळवलं नाही, त्याची खाट यादीतल्या पुढच्याला द्यावी. पैसे भरून राहणाऱ्याची खाट घेऊ नये. तो सुट्टीत घरी गेला तरी ती त्याचीच. दार बंद होईपर्यंत खुर्ची पैसे भरणाऱ्याची, हे मला मान्य आहे. पण दार कधीतरी बंद झालं पाहिजे.

तीन, सबमिशन आणि प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवसांत, घरी गेलेल्या मुलाने लेखी संमती दिली तर त्याची खाट लांबून येणाऱ्याला त्या रात्रीपुरती मिळावी. आयडी कार्ड बघा, रजिस्टरमध्ये नाव लिहा, मेसचे पैसे घ्या.

यावर काय म्हटलं जाईल ते ठाऊक आहे. "काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" विमान कंपनी अनोळखी माणसाला आयडी बघून, नाव लिहून, अटी सांगून आकाशात नेते. आपण आपल्याच कॉलेजच्या मुलाला एका रात्रीसाठी खोलीत घेऊ शकत नाही? दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पोरं खाटा भाड्याने द्यायला लागतील. लागतील, मला शंका नाही. त्यावर मामाचाच नियम लावा. ज्याने खाटेचे पैसे घेतले त्याची खाट गेली. एकदा एकाची गेली की पुढे कुणी करणार नाही.

आणि हॉस्टेलमधल्या मित्रांनो, तुमच्याही खोलीत अशी खाट असेल तर नोटीस लागेपर्यंत थांबू नका. मी यावेळी थांबलो नाही. हा लेख संपादकांकडे देण्याआधी रेक्टर सरांना भेटून आमच्या खोलीतली खाट रिकामी आहे हे सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये काय बोललो तेही सांगितलं. सर थोडं बोलले, ते मी ऐकून घेतलं. खाट कुणाला मिळेल ते ठरलेलं नाही. टोकावड्याच्या मित्राला मिळेलच असं नाही, त्याच्या वर कुणी असेल तर त्याला मिळावी. सुटकेसी मात्र आम्ही खाली काढून ठेवल्या आहेत.

राहिला मामाचा पास. यावर्षीचा एक शिल्लक आहे. तो मी आजीसाठी मागितला आहे. तिला कुठल्याही तारखेला कुठेही पोचायचं नाही. फक्त खिडकी हवी आहे. नागपूरला मावशीकडे जायचं, मिळालं तर विमानाने, नाही मिळालं तर आसनगावला परत यायचं आणि वाटेत घाटकोपरला वडापाव खायचा. तिला दोन्ही चालतं म्हणाली.

तेव्हा कृपा करून यावर्षी दार वाजवू नका. वाजवायचंच असेल तर खाटेबद्दल वाजवा.